फ्रॅक्टल चिपवर उतरवायचे असतील तर केलेआउट: फुकटातल्या लेआउट एडिटरचे सविस्तर परीक्षण

चिपच्या धातूच्या थरांत फ्रॅक्टल (प्रत्येक पातळीवर तोच नमुना पुन्हा येणारी) आकृती काढायची म्हटली की बहुतेक लेआउट एडिटर, म्हणजे चिपच्या थरांचे आराखडे काढणारी सॉफ्टवेअर, हात टेकतात. हजारो कोपऱ्यांचा बहुभुज माउसने काढता येत नाही, आणि स्क्रिप्टने काढला तरी तो फॅबच्या (चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या) नियमांत बसतो की नाही हे तपासायला महागडा परवाना लागतो. केलेआउट हे सॉफ्टवेअर दोन्ही कामे करते, जीपीएल परवान्याखाली फुकट मिळते, विंडोज, लिनक्स आणि मॅकवर चालते. म्युनिकच्या मॅथियास कोफरलाइन यांनी मुळात जीडीएस, म्हणजे चिपच्या आराखड्याची, फाइल बघण्यासाठी लिहिलेले हे साधन आता एडिटर, नियम-तपासनीस आणि पायथन-रुबीचे स्क्रिप्टिंग असे सगळेच झाले आहे. हे परीक्षण एकाच कामापुरते आहे: फ्रॅक्टल कपॅसिटर. त्यासाठी गूगल आणि स्कायवॉटर यांनी २०२० मध्ये खुला केलेला १३० नॅनोमीटरचा पीडीके (कारखान्याचे नियम आणि तयार घटक यांचा संच), नाव स्काय१३०, धरला आहे, कारण त्याचे नियम कोणालाही वाचता येतात.

आधी फ्रॅक्टल कशासाठी ते दोन वाक्यांत. एकाच थरातल्या दोन धातूंच्या कडा समोरासमोर आल्या की त्यांच्या बाजूंमध्ये कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) तयार होतो, आणि तो समोरासमोरच्या कडेच्या लांबीवर अवलंबून असतो. कमी जागेत भरपूर लांब कड कोंबायची तर फ्रॅक्टल आठवणारच. १९९८ मध्ये स्टॅनफर्डच्या समावती, हाजिमिरी, शहानी, नासेरबख्त आणि ली यांनी ०.६ मायक्रॉन अंतर ठेवून असा कपॅसिटर बनवला आणि त्याच क्षेत्रफळातल्या साध्या प्लेटच्या तुलनेत २.३ पट कपॅसिटन्स मोजला. त्यांच्या मांडणीतला खरा कळीचा मुद्दा वेगळाच होता. साध्या प्लेटमधले अंतर ऑक्साइडच्या जाडीवर ठरते आणि प्रक्रिया बारीक झाली तरी ते फारसे कमी होत नाही. बाजूचे अंतर मात्र प्रत्येक पिढीत घटते, म्हणून बाजूचा कपॅसिटन्स वाढत जातो.

केलेआउट बसवणे सोपे आहे. मात्र पहिल्याच तासात नवीन माणूस दोन गोष्टींनी वैतागतो. सॉफ्टवेअर मुळात 'व्ह्यूअर' म्हणून उघडते, त्यामुळे काढण्याची साधने दिसतच नाहीत. सुरू करताना वजा चिन्ह आणि ई हा पर्याय द्या, किंवा सेटिंगमध्ये एडिटिंग मोड कायमचा चालू करा. दुसरी गोष्ट म्हणजे फाइल उघडल्यावर आतले काहीच न दिसता नुसती चौकट दिसते, कारण हायरार्कीची (एकात एक बसवलेल्या आकृत्यांच्या उतरंडीची) वरचीच पातळी दाखवली जाते. ताऱ्याचे चिन्ह असलेली कळ दाबली की सगळ्या पातळ्या उघडतात, आणि एफ२ दाबले की चित्र खिडकीत बसते. एफ५ ने स्क्रिप्टची खिडकी उघडते. ग्राफिकल खिडकीची गरजच नसेल तर पायथनचे पॅकेज पिपने वेगळे बसवता येते. पाच-सहा वर्षे जुन्या लॅपटॉपवरही खाली दिलेले सगळे काम आरामात होते.

आता मुख्य काम. कोणता फ्रॅक्टल काढायचा इथेच बऱ्याच जणांची पहिली चूक होते. कोखचा हिमकण सगळ्यांना आवडतो, पण त्याचे कोन ६० अंशांचे. १ मायक्रॉन लांबीची तिरकी बाजू घेतली तर तिची उंची ०.८६६०२५ मायक्रॉन येते. स्काय१३० चे उत्पादन-ग्रिड ५ नॅनोमीटरचे आहे, म्हणून तो बिंदू ०.८६५ वर सरकतो आणि कोन ५९.९७ अंश होतो. धातूच्या थरांत फक्त ४५ आणि ९० अंशांच्या पटीतले कोन चालतात. तेव्हा ग्रिडवर न बसवलेला बिंदू एका नियमात अडकतो आणि बसवलेला दुसऱ्या. दर पायरीला बिंदू चौपट होत असल्याने चुकांची यादीही तशीच फुगते. हिमकणाचा नाद सोडा. काटकोनी वक्रच घ्या: मिन्कोव्स्कीचा (आठ तुकड्यांचा) किंवा हिल्बर्टचा (सगळा चौरस भरून काढणारा).

काढण्याची पद्धत प्लेटपासून सुरू करू नका, फटीपासून सुरू करा. एक भरीव चौकोन घ्या, त्यावर फ्रॅक्टल वक्राच्या रेषेने ठरावीक रुंदीचा 'पाथ' टाका आणि चौकोनातून तो वजा करा. उरतात त्या दोन प्लेट. वजाबाकी 'रीजन' या वर्गाने (प्रोग्रॅमिंगमधल्या क्लासने) एका ओळीत होते, आणि केलेआउटचे हे बूलियन इंजिन अतिशय विश्वासू आहे. स्काय१३० च्या मेटल-१ साठी किमान रुंदी ०.१४ आणि किमान अंतरही ०.१४ मायक्रॉन. फटीच्या दोन शेजारच्या फेऱ्यांमध्ये धातूची ०.१४ ची पट्टी उरली पाहिजे, म्हणून वक्राचा सर्वांत लहान तुकडा ०.२८ मायक्रॉनपेक्षा लहान ठेवता येत नाही. फ्रॅक्टलची 'अनंत बारकाई' इथेच संपते. पायऱ्या वाढवल्या की आकृती आणखी बारीक होत नाही, आकाराने मोठी होते.

संख्या देताना एककांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. केलेआउटमध्ये प्रत्येक भौमितिक वर्गाची दोन रूपे आहेत. साधे रूप पूर्णांक घेते आणि त्याचे एकक सहसा १ नॅनोमीटर असते; नावाआधी 'डी' लागलेले रूप मायक्रॉनमध्ये अपूर्णांक घेते. २८० च्या जागी ०.२८ दिले की आकृती कुठेतरी बिंदूएवढी होऊन नाहीशी होते आणि चूक मात्र दिसत नाही. पाथची रुंदी १० नॅनोमीटरच्या पटीत ठेवा. १४० चे अर्धे ७०, ते ५ च्या ग्रिडवर बसते. १४५ दिलेत तर दोन्ही कडा ७२.५ वर जातात आणि सगळी आकृती ग्रिडबाहेर जाते.

हिल्बर्टची पाचवी पायरी घेऊ. ३२ गुणिले ३२ म्हणजे १,०२४ बिंदू, त्यांना जोडणारे १,०२३ तुकडे, प्रत्येक ०.२८ मायक्रॉनचा. एकूण फट २८६.४४ मायक्रॉन लांब, आणि ती मावते ८.९६ मायक्रॉन बाजूच्या चौरसात. इथे एक बारकावा हमखास सुटतो. चौरस बरोबर ८.९६ चाच ठेवला तर कडेची रेषा काठापासून ०.१४ वर येते, तिच्यातली अर्धी फट ०.०७ खाते आणि काठाशी धातूची फक्त ०.०७ मायक्रॉनची चिंधी उरते. काठ बाहेरच्या रेषेपासून ०.२१ मायक्रॉन दूर न्या, म्हणजे चौरस ९.१० मायक्रॉनचा होतो. हिल्बर्टची दोन्ही टोके खालच्या काठाला असतात. ती काठाच्या बाहेरपर्यंत लांबवा, नाहीतर दोन्ही प्लेट टोकाशी जोडलेल्या राहतात आणि कपॅसिटरचा शॉर्ट होतो.

हे तपासायची सोपी खूण आहे: वजाबाकीनंतर रीजनमधले बहुभुज मोजा. बरोबर २ आले पाहिजेत. १ आला तर टोक काठापर्यंत पोचलेले नाही. ३ किंवा जास्त आले तर वक्र स्वतःला कुठेतरी शिवला आहे आणि धातूचा एखादा तुकडा एकटा पडला आहे. फटीची लांबी पडताळायची असेल तर फटीचे क्षेत्रफळ काढून रुंदीने भागा. काटकोनी वळणांत आतली घट आणि बाहेरची वाढ सारखीच असल्याने उत्तर नेमके येते.

हे आकडे हातात आल्यावर केलेआउटचे खरे मोल कळते. मेटल-१ ची जाडी सुमारे ०.३६ मायक्रॉन, मधले ऑक्साइड ३.९ परावैद्युतांकाचे धरले तर समोरासमोरच्या दर मायक्रॉन लांबीला साधारण ०.०८९ फेम्टोफॅरड मिळतात (कडेबाहेर पसरणारे क्षेत्र यात धरलेले नाही). हिल्बर्टला काठ सोडून ८०.३ चौरस मायक्रॉनांत २५.४ फेम्टोफॅरड, म्हणजे दर चौरस मायक्रॉनला ०.३१७. मिन्कोव्स्कीची तिसरी पायरी याच तुकड्याने काढली तर वक्र १७.९२ मायक्रॉन रुंद होतो, वर आणि खाली प्रत्येकी ५.८८ मायक्रॉन पसरतो, फट १४३.३६ मायक्रॉन लांब. काठासह सुमारे २२१ चौरस मायक्रॉन जागा आणि कपॅसिटन्स १२.७ फेम्टोफॅरड. घनता ०.०५८. चित्रात मिन्कोव्स्की जास्त गुंतागुंतीचा, जास्त 'फ्रॅक्टल' दिसतो. हिशेबात तो पाचपटीहून मागे आहे. त्याची मिती १.५, तो प्रतल भरून काढत नाही, हिल्बर्ट भरतो.

आता त्याच नियमांत साध्या सरळ फिंगर्स काढा: एक पट्टी या प्लेटची, एक त्या प्लेटची, कंगव्यात कंगवा अडकवल्यासारखी. दर ०.२८ मायक्रॉनला एक फट. घनता? ०.३१७. हिल्बर्टएवढीच. कारण उघड आहे: किमान अंतराचा नियम असताना एका चौरस मायक्रॉनात ३.५७ मायक्रॉनपेक्षा जास्त फट मावतच नाही, आणि सरळ फिंगर्स त्या मर्यादेला आधीच टेकलेल्या असतात. २००२ मध्ये रॉबर्टो अपारिसियो आणि अली हाजिमिरी यांनी हाच प्रश्न सैद्धांतिक मर्यादेच्या अंगाने सोडवला आणि थरांवर थर चढवून केलेल्या उभ्या प्लेट व उभे खांब फ्रॅक्टलपेक्षा सरस ठरतात हे दाखवले. १९९८ च्या संशोधनातला एक लेखकच चार वर्षांनी हे मांडतो, याचे आम्हाला मनापासून कौतुक वाटते. ज्यांनी प्रकल्पासाठी फ्रॅक्टल कपॅसिटर निवडला आहे त्यांनी आधी हा अर्ध्या तासाचा हिशेब करावा आणि अहवालात सरळ फिंगर्सची तुलना द्यावीच.

घनता सारखी असली तरी प्रतिरोधात हिल्बर्ट मागे पडतो. सरळ रचनेत सगळ्या फिंगर्स एका कण्याला समांतर जोडलेल्या असतात. हिल्बर्टच्या फटीने तयार होणारी प्रत्येक प्लेट झाडासारखी असते: फांदीला फांदी, तिला आणखी फांदी, आणि कुठेही वळसा नाही. मेटल-१ चा प्रतिरोध दर चौरसाला ०.१२५ ओहम. ०.१४ रुंदीच्या फांदीवर १० मायक्रॉनचा प्रवास म्हणजे ७१ चौरस, सुमारे ९ ओहम. कमी वारंवारतेला हे चालून जाते. गिगाहर्ट्झमध्ये क्यू (ऊर्जा किती कमी वाया जाते ते सांगणारा आकडा) घसरतो. झाडाचा दुसरा धोका म्हणजे एक फांदी तुटली की तिच्यापुढचे सगळे गेले. शिवाय वळणेच वळणे असल्याने प्रकाशछपाईत कोपरे गोलावतात आणि हिशेबातली लांबी सिलिकॉनवर पूर्ण मिळत नाही. स्थानिक जोडणीचा थर, म्हणजे एलआय-१, यासाठी मुळीच वापरू नका. त्याचा प्रतिरोध दर चौरसाला १२ ओहमच्या वर आहे.

एकावर एक थर रचायचे तर व्हायाचा, म्हणजे दोन थर जोडणाऱ्या उभ्या जोडणीचा, प्रश्न येतो. मेटल-१ आणि मेटल-२ मधला व्हाया ०.१५ मायक्रॉनचा, त्याभोवती मेटल-१ चे किमान ०.०५५ चे आवरण लागते, समोरासमोरच्या दोन बाजूंना तर ०.०८५ चे. म्हणजे त्या जागी पट्टी निदान ०.२६ रुंद हवी. ०.१४ च्या फांदीवर व्हाया बसणारच नाही. दोन मार्ग आहेत: सगळा वक्र ०.४० मायक्रॉनच्या तुकड्याने काढायचा आणि घनता गमवायची, किंवा व्हाया फक्त काठाच्या पट्टीवर ठेवायचे. दुसराच मार्ग बरा. मात्र काठाची पट्टी ३ मायक्रॉनपेक्षा रुंद करू नका, कारण त्यापुढे शेजारच्या धातूपासून ०.२८ चे अंतर लागते आणि पहिली फेरीच नियमात अडकते. मेटल-३ आणि ४ वर किमान रुंदी व अंतर ०.३० असल्याने तिथे तुकडा ०.६० चा घ्या. चारही थर भरले तर बाजूचा कपॅसिटन्स सगळा मिळून दर चौरस मायक्रॉनला सुमारे ०.९६ फेम्टोफॅरड. याच पीडीकेतला तयार मिम (धातू-विलगक-धातू) कपॅसिटर एकटा २ देतो. म्हणजे स्काय१३० वर उत्पादनासाठी हा खेळ फायद्याचा नाही. जिथे मिमचा जादा मास्क (छपाईचा साचा) उपलब्धच नाही अशा निव्वळ डिजिटल प्रक्रियेत धातूच्या थरांचा कपॅसिटर कामाला येतो.

नियम-तपासणी केलेआउटची सर्वांत भक्कम बाजू आहे. तिची स्वतःची छोटी भाषा आहे, रुबीवर बेतलेली. मेटल-१ चा थर ६८/२० म्हणून घ्यायचा आणि रुंदी, अंतर, ग्रिड यांच्या तीन ओळी लिहायच्या, की काही क्षणांत चुका चित्रावर खुणांसह दिसतात. खुणेवर क्लिक करा, थेट त्या कोपऱ्यात जाता. पण एक सापळा फार वाईट आहे: या भाषेत पूर्णांक दिला की तो डेटाबेस-एकक समजला जातो, अपूर्णांक दिला की मायक्रॉन. १ लिहिलेत तर १ नॅनोमीटर, १.० लिहिलेत तर १ मायक्रॉन. 'एकही चूक नाही' असा निकाल बघून टेपआउटला (आराखडा कारखान्याकडे पाठवायला) जाण्याआधी मुद्दाम एक चूक पेरा आणि ती पकडली जाते का ते बघा. स्वतःच्या तीन ओळी कामापुरत्या ठीक. शेवटची तपासणी पीडीकेसोबत येणाऱ्या पूर्ण नियमसंचानेच करायची.

फाइल साठवताना आणखी एक गोष्ट. मिन्कोव्स्कीच्या वक्राने बंदिस्त बेट काढले तर तिसऱ्या पायरीला २,०४८ बिंदू असतात, चौथ्या पायरीला १६,३८४. जीडीएस लिहिताना केलेआउट एका बहुभुजाला ८,००० कोपऱ्यांची मर्यादा लावते आणि मोठा बहुभुज गुपचूप तोडून लिहिते. काटकोनी आकृतीत त्याने विद्युत्-दृष्ट्या काही बिघडत नाही, पण फाइल पुन्हा उघडून बहुभुज मोजलेत तर २ च्या जागी भलताच आकडा येईल. मोजण्याआधी 'मर्ज' करा, किंवा फाइल ओएसिस या दुसऱ्या फाइल-प्रकारात साठवा. आणखी एक मोह टाळायचा आहे: फ्रॅक्टल स्वसदृश म्हणून एक सेल (पुन्हा वापरता येणारी आकृती) काढून ती लहान करत पुढच्या सेलमध्ये बसवत जायची. केलेआउटला हे जमते, जीडीएसमध्येही मोठे-लहान करण्याची सोय आहे, पण आकृतीबरोबर रुंदी आणि अंतरही आक्रसते, आणि पहिल्याच पायरीला किमान नियम मोडतो. फिरवणे आणि आरशात उलटवणे एवढेच वापरा. त्या मार्गाने हिल्बर्टच्या चार प्रती जोडून पुढची पायरी छान होते आणि फाइलही लहान राहते.

कमकुवत बाजू दोन. पहिली: नेमका कपॅसिटन्स केलेआउट स्वतः सांगत नाही. वरचे आकडे लांबीवरून काढलेले आहेत. मॅजिक या दुसऱ्या फुकट साधनातून पॅरासिटिक (तारांमध्ये आपोआप तयार होणारे कपॅसिटन्स आणि प्रतिरोध) काढता येतात, पण ते समांतर कडांच्या ठोकताळ्यावर चालते आणि इतक्या कोपऱ्यांच्या आकृतीत कोपऱ्यांचे क्षेत्र नीट धरत नाही. फास्टरकॅपसारखा क्षेत्र-समीकरणे सोडवणारा प्रोग्रॅम हवा. केलेआउट-पेक्स हा वेगळा प्रकल्प स्काय१३० साठी ती जोडणी करून देतो. पाचव्या पायरीवर थेट जाऊ नका, मेश (मोजणीसाठी आकृतीचे पाडलेले बारीक जाळे) अवाढव्य होते. तिसऱ्या पायरीचे ६४ बिंदू, १७.६४ मायक्रॉनची फट, एवढ्यावर मोजणी करा, दर मायक्रॉनचा आकडा काढा आणि तो पुढे वापरा.

दुसरी बाजू एलव्हीएसची, म्हणजे लेआउट मूळ सर्किटशी जुळतो का या तपासणीची. स्वतः काढलेला धातूचा कपॅसिटर कोणत्याही नियमसंचाला 'उपकरण' म्हणून माहीत नसतो. लेआउटमधून काढलेल्या नेटलिस्टमध्ये (जोडण्यांच्या यादीत) त्याच्या जागी फक्त दोन सुट्ट्या तारा दिसतात, आणि स्कीमॅटिकमधला (सर्किटच्या चित्रातला) कपॅसिटर जोडीदाराविना राहतो. त्याची स्वतंत्र सेल करा, पिनांना नावे द्या आणि तुलनेत ती सेल बंद पेटी म्हणून धरा. हे शेवटच्या आठवड्यात नाही, पहिल्या दिवशी ठरवा.

कपॅसिटरमध्ये फ्रॅक्टल हरला तरी एका ठिकाणी तो खणखणीत जिंकतो, आणि तिथे केलेआउटसारखे दुसरे फुकट साधन आमच्या पाहण्यात नाही. अतिवाहक नॅनोतारेचे एकल-फोटॉन संवेदक घ्या. सुमारे १०० नॅनोमीटर रुंदीची तार नेहमी नागमोडी समांतर रेषांत घालतात. मग तारेला समांतर ध्रुवीकरणाचा प्रकाश जास्त शोषला जातो आणि आडवा कमी. हिल्बर्ट किंवा पेआनोच्या वक्राच्या धाटणीने तार घातली की दोन्ही दिशांतली लांबी जवळजवळ सारखी होते आणि हा भेदभाव घटतो. चीनमधल्या त्यानजिन विद्यापीठातल्या गटाने असे संवेदक बनवून दाखवले आहेत. अडचण वळणांची: आतल्या टोकदार कोपऱ्यात प्रवाह गर्दी करतो आणि तार अपेक्षेपेक्षा कमी प्रवाहाला अतिवाहकता सोडते. क्लेम आणि बर्ग्रन यांनी २०११ मध्ये याचे गणित मांडले आहे.

केलेआउटमध्ये कोपरे गोल करण्याचे तयार फंक्शन आहे: आतली त्रिज्या, बाहेरची त्रिज्या आणि वर्तुळातले बिंदू, एवढे तीन आकडे. १०० नॅनोमीटरच्या तारेला आत ५० आणि बाहेर १५० द्या, म्हणजे वळणातही रुंदी तीच राहते. मध्यरेषेची त्रिज्या १०० येते, आणि हिल्बर्टमध्ये वळणाला लागूनच वळण असल्याने तुकडा निदान २०० नॅनोमीटरचा हवा. त्याहून लहान तुकडा दिलात तर केलेआउट न सांगता त्रिज्या कमी करते. चूक दाखवत नाही, म्हणून तार रुंदीच्या तपासणीतून पुन्हा काढा. इलेक्ट्रॉन-बीमने छापायचे असल्याने ४५-९० अंशांचे बंधन इथे नसते. बिंदू मात्र वर्तुळाला ३२ ते ६४ पुरेत. ३०० दिलेत तर फाइल फुगते आणि तुकडे एक ते तीन नॅनोमीटरवर येऊन पूर्णांक-ग्रिडवर दातेरी होतात.